वाड्यातलं जुनं फर्निचर आणि त्याची किंमत करून देणारे गृहस्थ

आधी निकाल सांगते, मग तपशील. जुन्या लाकडी सामानाची ओळख पटवून देण्याच्या कामाला पाचपैकी पाच. किंमत लावण्याला साडेतीन. आणि ती किंमत कागदावर लिहून वेळेत हातात देण्याला एक, तोही वयाचा मान म्हणून.

गृहस्थांचं नाव-नंबर देत नाही, ही त्यांचीच अट आहे. नाव पसरलं की लोक कुठल्या कुठल्या मूर्ती पोत्यात घालून दारात उभे राहतात आणि मग पोलिसांना उत्तरं देत बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. सत्तरी ओलांडलेले, सुताराच्या घरातले, उमेदीची वर्षं मुंबईत जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत गेलेली, आता कोल्हापुरात मुलाकडं असतात. दुकान नाही, पाटी नाही. जुन्या लाकडात काम करणाऱ्या सुतारांकडं चौकशी केलीत तर कुणी ना कुणी त्यांच्यापर्यंत पोचवतं. आम्हालाही असंच कळलं.

शुक्रवार पेठेतलं आमचं सासरचं घर अपार्टमेंटला दिलं. माझे मिस्टर, दोन भावोजी आणि वन्सं असे चौघे वाटेकरी. जागेचं, फ्लॅटचं सगळं वकिलांसमोर बसून सुरळीत ठरलं, कुणाचा आवाज चढला नाही. चढला तो कपाटावरून. ‘आईचं कपाट’ म्हणून ते वन्संना हवं, ‘शिसवी आहे, दीडशे वर्षांचं आहे’ म्हणून धाकट्या भावोजींना हवं. मला ते कुणाच्याही घरी गेलं तरी चालणार होतं, फक्त दिवाळीला सगळे एका ताटावर बसले पाहिजेत. मी बँकेत कर्ज विभागात होते. तारणाची किंमत घेणाऱ्यानं करायची नसते आणि देणाऱ्यानंही करायची नसते, हे तिथं पहिल्या वर्षीच अंगवळणी पडतं. म्हणून तिसरा माणूस शोधला.

त्याआधी जुनंपुराणं घेणारे एकजण येऊन गेले होते. घरभर फिरले, कपाटाची वारेमाप स्तुती केली आणि माळ्यावरच्या चार खुर्च्यांकडं बोट दाखवून म्हणाले, “वहिनी, ह्या हॉटेलातल्या खुर्च्या कोण घेतंय आता? जळणाच्या भावानं जायच्या. मी आपला सगळ्यासंगट उचलतो.” सगळ्याचे मिळून पंचावन्न हजार. त्या खुर्च्यांचं पुढं काय निघालं ते सांगतेच.

आमच्या गृहस्थांची फी फोनवरच ठरली. एका भेटीचे पाच हजार, वस्तू कितीही असोत. लेखी कागद हवा असेल तर वर दोन हजार. किमतीवर टक्केवारी घेत नाहीत, स्वतः काही विकत घेत नाहीत आणि गिऱ्हाईकही गाठून देत नाहीत. मला हे तिथंच पटलं. टक्केवारीवर काम करणारा किंमत वर ओढणार, विकत घेणारा खाली. ज्याला दोन्हीत रस नाही त्याच्याच आकड्याला अर्थ. ‘फुकट बघून सांगतो’ म्हणणारा माणूस त्याचे पैसे कुठून तरी काढणारच असतो.

आले तेव्हा बरोबर एक बॅटरी, मोजपट्टी, भिंग, लोहचुंबक, कापूस आणि स्पिरिटची बाटली. चहा नको म्हणाले, नंतर घेतला. कपाटासमोर उभं राहून दारावरची वेलबुट्टी बघतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी कपाट भिंतीपासून ओढायला लावलं आणि पाठीमागं जाऊन उकिडवे बसले. “तोंडाला पॉलिश सगळेच करतात. पाठ बघायची.”

पाठफळ्यांवर रंधा फिरवलेला नव्हता, त्यामुळं करवतीचे ओरखडे जसेच्या तसे होते. बॅटरी तिरपी धरली की एकेक उठून दिसत होता. बऱ्याच फळ्यांवर ते सरळ, पण कमीजास्त अंतरावर. म्हणजे दोघांनी मिळून ओढलेली करवत. दोन फळ्यांवर मात्र ओरखडे कमानदार वळलेले. असा वळलेला ओरखडा यंत्रावरच्या गोल पात्याचाच, हाताच्या करवतीला तो काढताच येत नाही. धाकटे भावोजी तिथंच जरा गंभीर झाले.

मग खालचा खण पूर्ण उपसून उलटा करून माझ्या हातात दिला. मी एका हाताने धरला. “शिसवी असता तर दुसरा हात लावला असता,” ते म्हणाले. खणाची तळफळी खालून पिवळट तपकिरी होती. काळेपणा फक्त दर्शनी भागावर. शिसव आतूनही गडद असतं, त्यात जांभळट रेषा असतात, आणि ते सागापेक्षा चांगलंच जड. त्यांनी फळीच्या कडेला पटाशीच्या टोकानं जेमतेम खरवडलं आणि वास घ्यायला सांगितला. तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास. साग. शिसवीचा रुबाब हवा पण ऐपत सागाची, तर साग काळा करून घ्यायचा, अशी तेव्हा बऱ्याच घरांतली रीत होती, असं त्यांनी सांगितलं. वन्सं हसल्या. भावोजी हसले नाहीत.

खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेलचे, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवायच्या सांध्याचे, दात हाताने कापलेले होते. एक रुंद, एक अरुंद, आणि मुळाशी सुतारानं आखलेली रेघ अजून दिसत होती. मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं होतं की हाताने कापलेले दात म्हणजे वस्तू १८८० च्या आधीची. गृहस्थांनी ते तिथंच खोडून काढलं. तो हिशेब विलायतेतल्या कारखान्यांचा. आपल्याकडं सुतार दात हातानेच कापत होता, त्यांचे वडीलही कापायचे, ते स्वतःही शिकले. त्यामुळं अशा दातांवरून काम हाताचं आहे एवढंच म्हणायचं, साल काढायचं नाही. साल काढायला लोखंड बघायचं. पाठफळ्यांना गोल तारेचे खिळे होते. घडीव खिळा चौकोनी अंगाचा असतो; तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं स्वस्त होऊन सगळीकडं पसरला. बिजागऱ्यांचे स्क्रू टोकदार आणि एका खाचेचे, एक सोडून. तो एक फुलीच्या खाचेचा, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो. त्याचं पेटंटच १९३० च्या दशकातलं, अमेरिकेतलं. म्हणजे ती बिजागरी नंतर कधी तरी बदललेली.

बेरीज करून त्यांनी १९२० ते १९४० असा काळ सांगितला. बरोबर की चूक, कसं कळणार? कळलं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, मोडीतल्या. त्या आम्हाला वाचता येत नाहीत म्हणून तशाच पडून होत्या. ‘कागद असतील तर काढा, कथा नकोत’ असं गृहस्थ म्हणाल्यावर ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्यांकडं दिल्या. शके १८५६ च्या वहीत सापडलं: सागवान दांडेली, सुतार मजुरी, पितळी मुठी सहा, काळे रोगण. कपाटाला मुठी सहाच आहेत. शकात ७८ मिळवा, १९३४ आलं. पाचपैकी पाच का दिले ते आता लक्षात आलं असेल.

इथं एक जाता जाता. कोल्हापुरात कुणाच्याही घरात जुनी खुर्ची निघाली की ती राजवाड्यातून आलेली असते. आमचं कपाटही ‘नवा राजवाडा बांधणाऱ्या सुतारांनी उरलेल्या लाकडात’ केलेलं होतं, लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. नव्या राजवाड्याचं बांधकाम १८७७ ते १८८४. आमचं कपाट १९३४. ते उरलेलं लाकूड मधली पन्नास वर्षं कुणी सांभाळलं, हा प्रश्न मी जेवताना विचारला आणि विषय बदलला गेला. गृहस्थांचं म्हणणं असं, की राजवाड्याची नुसती कथा असेल तर बाजारात तिचा एक रुपयाही येत नाही. पावती असेल, पत्र असेल, निदान त्या वस्तूबरोबर काढलेला जुना फोटो असेल, तर येतो. मोडीतलं ते एक पान कपाटाच्या कागदांत ठेवा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

कपाटाच्या पायांचं वेगळंच. खालचा वीतभर भाग पांढुरका, धुरकट दिसायचा. आम्ही समजत होतो लाकूड गेलं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी आमच्या घरात आलं होतं, आणि हे कपाट हलवण्यासारखं नव्हतं. त्यांनी कापसाला स्पिरिट लावून पायाच्या आतल्या बाजूला, न दिसेल अशा ठिकाणी, हलकेच फिरवलं. कापूस तपकिरी, चिकट झाला. म्हणजे पॉलिश लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि पाण्यानं पांढरी पडते. पांढरं पडलंय ते पॉलिश, लाकूड नव्हे. स्पिरिट-लाखेचा हात देऊन ते बसवता येतं, खरवडायचं कारण नाही. त्यांनी दोन वेळा बजावलं: खरवडून मेलामाईन किंवा पीयू, ही आजकालची रासायनिक पॉलिशं, मारलीत की कपाट चकचकीत होईल आणि किंमत निम्म्यावर येईल. जुन्या पृष्ठभागाचेच पैसे असतात. आमच्या जाऊबाईंनी पॉलिशवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती. ती परत आणताना काय झालं तो वेगळा विषय.

एका पायाला बारीक भोकं होती. पाय ठोकला, खाली काळा कागद अंथरला, पुन्हा ठोकला. भुसा पडला नाही. ताजा भुसा पडला असता तर किडा आत जिवंत. न पडल्यास जुनी गोष्ट. भोकं सगळी त्या पायाच्या फिकट पट्ट्यात होती, सालीजवळच्या कच्च्या लाकडात. सागाचा गाभा किडा सहसा खात नाही.

गोल टेबलाला त्यांनी दोन मिनिटं दिली, पण मला ती सगळ्यात आवडली. मोजपट्टी आधी रेषांच्या दिशेनं लावली, बेचाळीस इंच. मग रेषांना आडवी, पाव इंच कमी. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं ते आडवं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळं खरोखर जुनं, सलग फळ्यांचं गोल टेबल कधी पुरतं गोल राहत नाही. कुणी ‘जुनं’ म्हणून गोल टेबल विकायला आणलं आणि ते दोन्हीकडून नेमकं भरलं, तर खुशाल शंका घ्या.

आता त्या जळणाच्या भावाच्या खुर्च्या. सासूबाई सांगायच्या की आजेसासऱ्यांनी त्या लिलावात घेतल्या होत्या. वाफेवर वाकवलेल्या गोल दांड्यांच्या, इराण्याच्या हॉटेलात असायच्या तशा. गृहस्थांनी चारही उलट्या करून ओळीने मांडल्या आणि बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला भिंग लावलं. दोन खुर्च्यांवर ‘थोनेट’ असा ठसा, एकीवर शिवाय कागदी चिठ्ठीचा अर्धा तुकडा चिकटलेला. मला बोलावून दाखवलं. अक्षरं बोटाला लागत होती.

थोनेट हे खुर्च्या करणारं व्हिएन्नाचं घराणं. त्यांची चौदा नंबरची खुर्ची १८५९ ची: सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, संपलं. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसायच्या आणि जिथं पोचतील तिथं जोडल्या जायच्या. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला. त्यानंतर मुंबईहून असली खोकी इथं येणं अवघड राहिलं नाही. आमच्या कशा आल्या याचा मात्र कागद नाही, त्यामुळं तेवढी जागा त्यांनी अहवालात कोरीच ठेवली, आणि ठशावरून सालही काढलं नाही. कंपनीनं तेच नमुने वर्षानुवर्षं केले, असं म्हणाले. उरलेल्या दोन खुर्च्या नकला निघाल्या. थोनेटचा एकाधिकार १८६९ ला संपला आणि मग ज्याला त्याला तशा खुर्च्या करायची मोकळीक मिळाली. पण जुन्या नकला, आणि पक्क्या. वाईट एवढंच, की एका खऱ्या खुर्चीचा वेत फाटल्यावर आमच्यापैकी कुणी तरी वरून प्लायवूड ठोकलंय, आणि खिळ्यांनी कडं चिरलंय. त्या चिरेचे त्यांनी चार हजार कापले.

ठशाच्या दोन खुर्च्या मिळून दुकानात वीस-बावीस हजारांच्या घरात. तो खरेदीदार कपाटाची स्तुती आणि खुर्च्यांची निंदा का करत होता, हे सांगायला नको.

आरामखुर्ची सागाची, लांब हातांची, पाय वर टाकून बसायची. तिच्या वेताच्या जागी नायलॉनच्या पट्ट्या आहेत, हिरव्या-पांढऱ्या. लाकूड उत्तम, सांधे घट्ट, कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, कुठंच हललेलं नाही. वेत परत विणला तर किंमत जवळजवळ दुप्पट होते, आणि ही एकच दुरुस्ती अशी आहे की तिचे पैसे परत येतात, असं त्यांनी लिहून दिलंय.

झोपाळ्याच्या पितळी कड्यांना लोहचुंबक लावला. दोन कड्यांना चिकटला नाही, दोन कड्यांना चिकटला. दोन अस्सल पितळ, दोन लोखंडावर मुलामा. कधी बदलल्या कुणाला आठवेना. वन्संच्या बाळंतपणातला संखेड्याचा पाळणा त्यांनी वेगळा काढला. गुजरातेतल्या संखेड्याचं ते खरादकाम, म्हणजे लाकूड फिरवत कातून केलेलं, सागावर लाखेचा हात, आणि सोनेरी दिसणारी नक्षी सोन्याची नसून लाखेखालच्या कथिलाची असते. जुना आहे, पण आजही होतात, म्हणून भाव बेताचा. देव्हाऱ्याची किंमत करायची नाही असं मिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी हात जोडले, वळले, आणि जाता जाता राहवलं नाही म्हणून म्हणाले, “खालचं जुनं, कळस नंतरचा.”

सासूबाईंची फणेरपेटी हे एक प्रकरणच होतं. झाकणावर पांढऱ्या तुकड्यांची नक्षी आहे. आम्ही सगळे कौतुकानं ‘हस्तिदंती’ म्हणायचो. ते म्हणाले, हस्तिदंत निघाला तर विकायचं नाव काढू नका. वन्यजीव कायद्यात त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. मग भिंगातून दाखवलं. हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. आमच्या तुकड्यांवर जाळी नव्हती, काळसर ठिपके होते. ते हाडाचे. हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात, त्यांचीच ती तोंडं. जाऊबाईंनी पेटी हळूच खाली ठेवली आणि हात धुऊन आल्या.

किमतीबद्दल. इथं त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली: प्रत्येक वस्तूपुढं तीन रकाने. दारात येणारा खरेदीदार रोख देईल ती किंमत. तीच वस्तू दुरुस्त होऊन दुकानात लागेल ती किंमत. आणि तशीच नवी करून घ्यायची झाली तर येईल तो खर्च. कपाटाचे आकडे बघा: पहिल्या रकान्यात बावीस ते अठ्ठावीस हजार, दुसऱ्यात पंचेचाळीस ते साठ, तिसऱ्यात लाखाच्या आसपास. जुन्यापेक्षा नवं महाग! कारण काय, तर सव्वासहा फूट उंच आणि पाच फूट रुंद कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही, आणि फ्लॅटच्या बेडरूममध्ये लागलं तर पलंग कुठं लावायचा. मोठ्या कपाटांना गिऱ्हाईक कमी, लहान वस्तूंना जास्त. खुर्ची, पेटी, उतरतं लिहायचं मेज, हे पटकन जातं.

वाटणीला कुठला रकाना धरायचा यावर आमची बैठक झाली. दुसरा धरला तर वस्तू घेणारा फसतो, कारण उद्या विकायला काढली तर त्याला तेवढे कुणी देत नाही. तिसरा तर विम्यासाठी. आम्ही पहिला धरला, त्यातलाही मधला आकडा, आणि फरक रोखीनं भागवला. वन्संनी कपाट घेतलं. दीडशेचं नव्वदीत आलेलं आणि शिसवीचं साग झालेलं कपाट धाकट्या भावोजींनी मोठ्या मनानं सोडलं आणि झोपाळा घेतला. मधल्या भावोजींकडं टेबल आणि रोख. आमच्याकडं खुर्च्या, आरामखुर्चीसुद्धा. ज्यांचं ‘कोर्टात बघू’ पर्यंत आलंय त्यांनी मात्र या कागदावर विसंबू नये. तिथं नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो, आणि हे गृहस्थ तसे नोंदणीकृत नाहीत. त्यांनी ते लपवलंही नाही.

आमच्या पुतण्याला खुर्च्या परदेशात ऑनलाइन विकायच्या होत्या. त्याला त्यांनी चांगलंच बसवलं. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू त्यात येऊ शकते, आणि आली की खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातल्या देशात अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. शंभरच्या आतली असेल तर ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला घेऊन पाठवायची. पुतण्या म्हणाला, “मग नव्वद वर्षांची लिहा की.” ते म्हणाले, “कपाटाचा कागद आहे म्हणून कपाटाचं लिहिलं. खुर्चीचा कागद आण, लिहितो.” कराचं मी माझ्याकडून सांगते: घरात वापरातलं फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, दागिने, चित्रं, शिल्पं यांना ती सवलत नाही.

तक्रारी आता. अहवाल गणपतीच्या आधी देतो म्हणाले. आला तेव्हा दिवाळीचा फराळ संपत आला होता. मधल्या काळात फोन केला की ‘टायपिंगला दिलंय’. आला तो इंग्रजीत. वन्संना आणि मधल्या भावोजींना एकेक ओळ मी वाचून दाखवली, आणि वाचून दाखवणारी व्यक्ती स्वतः वाटेकऱ्याची बायको असली की काय होतं ते ज्याला त्याला ठाऊक. मराठीत मागा, आधीच मागा. फोटो पुढून काढलेले, तेही अंधुक. ‘पाठ बघायची’ म्हणणाऱ्या माणसाच्या अहवालात पाठीचा एकही फोटो नाही! कपाट ओढायला दोन माणसं लागली, त्यांची मजुरी आपली, हे फोनवर सांगितलेलं नव्हतं. काही आकडे इतके सैल आहेत की उपयोगच होत नाही. झोपाळ्याला ‘तीस ते सत्तर हजार’ लिहिलंय. कर्जाच्या फायलीत असा आकडा आला असता तर मी ती फाइल परत पाठवली असती. विचारल्यावर म्हणाले, अस्सल कड्यांची जोडी मिळाली तर सत्तर, नाही तर तीस. मग तसं लिहायला काय झालं होतं?

आणि बोलतात फार. अर्थात ऐकण्यासारखं बोलतात.

बोलावणार असाल तर कपाटं, खण आधी रिकामे करून ठेवा, नाही तर त्यांचा अर्धा वेळ साड्या काढण्यात जातो. जुन्या वह्या, लग्नाचे फोटो, पावत्या हाताशी ठेवा. तांब्या-पितळेची भांडी आणि पैठण्या दाखवू नका, ‘माझं काम नाही’ म्हणतात. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जाऊन खरं दरबारी काम कसं असतं ते एकदा बघून या, असं त्यांनी आम्हाला सुचवलं होतं. आम्ही आमचं आमचं गेलो, आणि परत येताना गाडीत राजवाड्याच्या सुतारांचा विषय कुणी काढला नाही.

आरामखुर्चीचा वेत तेवढा अजून राहिलाय. पूर्वी अंधशाळांतून हे काम व्हायचं. आता कोल्हापुरात विचारेन तिथं नायलॉनच सुचवतात. पारंपरिक विणीचं काम करणारं सांगली-मिरजेकडं कुणी असलं तरी चालेल, खुर्ची आम्ही पोचवू.